जुन्या सिनेमाची रीमास्टर्ड आवृत्ती घ्यावी का? डब्यावरच्या '4के'चा खरा अर्थ

तुमच्या आवडत्या जुन्या सिनेमाची डीव्हीडी घरात कुठेतरी पडलेली असेल. नाहीतर तो तुम्ही ओटीटीवर दोन-तीनदा पाहिला असेल. मग एक दिवस जाहिरात येते, 'आता 4के रीमास्टर्ड!' सिनेमा तोच, गोष्ट तीच, पण पैसे पुन्हा द्यायचे. द्यावेत का?

हा प्रश्न मला ओळखीतली मुलं-मुली नेहमी विचारतात. माझं उत्तर असं: नवी आवृत्ती कशावरून बनवली, बनवताना तिच्यावर काय काय केलं आणि तुम्ही ती कोणत्या स्क्रीनवर बघणार, या तीन गोष्टी कळल्याशिवाय पैसे देऊ नका. '4के' हा शब्द यातलं काहीच सांगत नाही. आज आपण हे तिन्ही मुद्दे नीट समजून घेऊया.

आधी शब्दांचा घोळ सोडवू

जाहिरातीत चार वेगळ्या गोष्टी एकाच नावाने खपवल्या जातात.

रिस्टोरेशन: मूळ फिल्म शोधून, साफ करून, फाटलेले भाग जोडून ती नव्याने स्कॅन करणं. हे काम महिनोन् महिने चालतं.

रीमास्टर: उपलब्ध फिल्मवरून किंवा जुन्या डिजिटल फाईलवरून नवी मास्टर कॉपी बनवणं. यात नवा स्कॅन असेलच असं नाही.

अपस्केल: कमी पिक्सेलचं चित्र सॉफ्टवेअरने मोठं करणं. जी बारीक माहिती मुळात नाही, ती सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. यूट्यूबवरची '4के' जुनी गाणी बऱ्याचदा याच प्रकारातली असतात.

रंगीत करणं: कृष्णधवल सिनेमाला नंतर रंग देणं. 'मुघल-ए-आझम' (1960) 2004 मध्ये असा रंगीत होऊन पुन्हा थिएटरमध्ये आला. याचा चित्राच्या स्पष्टतेशी थेट संबंध नाही.

पिक्सेलचं गणित

एका चित्रात किती ठिपके मावतात ते बघा:

- व्हीसीडी: 352 × 288, म्हणजे साधारण 1 लाख
- डीव्हीडी: 720 × 576, म्हणजे साधारण 4 लाख
- ब्लू-रे: 1920 × 1080, म्हणजे साधारण 21 लाख
- 4के ब्लू-रे: 3840 × 2160, म्हणजे साधारण 83 लाख

डीव्हीडीवरून ब्लू-रेवर जाताना पिक्सेल पाचपट होतात आणि मोठ्या टीव्हीवर तो फरक कुणालाही दिसतो. ब्लू-रेवरून 4केवर जाताना ते चौपट होतात, पण हा फरक डोळ्यांना तितका जाणवत नाही. तिथे खरा बदल बहुतेक वेळा एचडीआरमुळे दिसतो: दिव्याची ज्योत, उन्हातलं आकाश, अंधारातल्या सावल्या यांचे बारकावे जास्त उघडतात.

60-70 वर्षं जुन्या सिनेमात 4के येतं कुठून?

फिल्मवर पिक्सेल नसतात. चांदीच्या संयुगांचे अतिशय बारीक कण प्रकाशाने बदलतात आणि त्यातून चित्र तयार होतं. म्हणून 35 मिमीच्या नीट जपलेल्या निगेटिव्हमध्ये साधारण 4के इतका तपशील सापडू शकतो. 70 मिमी सिनेमांच्या मोठ्या निगेटिव्हमध्ये तर त्याहूनही जास्त.

मात्र कॅमेऱ्यातून निघालेली निगेटिव्ह ही पहिली पिढी. तिच्यावरून इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह आणि शेवटी थिएटरची प्रिंट. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं दर पिढीला थोडं थोडं चित्र हरवतं. म्हणून 'मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून 4के स्कॅन' असं लिहिलेलं दिसलं तर ती मोठी जमेची बाजू समजा.

जिथे पैसे वसूल होतात

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (1962) 65 मिमी निगेटिव्हवर चित्रित झाला होता. 2012 मधल्या रिस्टोरेशनसाठी ती निगेटिव्ह 8केमध्ये स्कॅन करून पुढचं काम 4केमध्ये झालं. वाळवंटाच्या क्षितिजावर लांबून एक ठिपका हलतोय आणि हळूहळू उंटावरचा माणूस दिसायला लागतो, हा प्रसंग डीव्हीडीवर निम्मा वाया जातो. तो ठिपका दिसायला पिक्सेल हवेतच.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली', 'अपराजितो' आणि 'अपूर संसार' या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनमधल्या लॅबच्या आगीत होरपळल्या. वितळलेली, कडक झालेली ती रिळं फेकून न देता जपून ठेवली होती. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबमध्ये ती पुन्हा मऊ करून, कडा हाताने दुरुस्त करून, वाचलेला भाग 4केमध्ये स्कॅन केला गेला. जिथे निगेटिव्ह उरलीच नव्हती, तिथे इतर प्रती वापरल्या. 2015 मध्ये ही आवृत्ती लोकांसमोर आली. अशा वेळी नवी आवृत्ती म्हणजे तो सिनेमा चांगल्या अवस्थेत बघण्याची जवळपास एकमेव संधी असते.

जिथे पैसे वाया जातात

'28 डेज लेटर' (2002) बहुतांश मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर चित्रित झालाय, म्हणजे साधारण डीव्हीडीच्याच दर्जाचं चित्र. शेवटचा भाग तेवढा 35 मिमीवर आहे. यातून खरं 4के कोण काढणार? 'अटॅक ऑफ द क्लोन्स' (2002) थेट 1080 ओळींच्या डिजिटल कॅमेऱ्यावर झाला, त्याची मर्यादा तिथेच ठरली. 2000 नंतरच्या अनेक सिनेमांचं एडिटिंगनंतरचं रंगकाम 2केमध्ये झालंय. त्यांची '4के' आवृत्ती बहुतेकदा त्याच 2के मास्टरवरून मोठी केलेली असते. म्हणजे कधी कधी 1962 चा सिनेमा 2002 च्या सिनेमापेक्षा जास्त स्पष्ट दिसतो!

दुसरा धोका जास्त सफाईचा. फिल्मवर जो दाणेदारपणा दिसतो तो ग्रेन. ती घाण नाही, चित्रच त्या दाण्यांचं बनलेलं असतं. सॉफ्टवेअरने ग्रेन पुसला की त्याबरोबर त्वचेवरची छिद्रं, कापडाचा पोत, केसांच्या बटाही जातात आणि चेहरे मेणाचे दिसतात. 'टर्मिनेटर 2'च्या 2017 मधल्या 4के आवृत्तीवर नेमकी हीच टीका झाली. 2024 मध्ये 4के डिस्कवर आलेल्या 'एलियन्स' आणि 'ट्रू लाईज'वरूनही प्रेक्षकांत दोन तट पडले. काहींना ते चकाचक चित्र आवडलं, काहींना ते कृत्रिम वाटलं. फोनच्या कॅमेऱ्यातला ब्यूटी मोड आठवा, म्हणजे मुद्दा लगेच कळेल.

नवी आवृत्ती म्हणजे तोच सिनेमा असतो का?

नेहमी नाही. 'द मेट्रिक्स'च्या 2008 च्या ब्लू-रेवर गडद हिरवी छटा होती, 2018 च्या 4केमध्ये ती बरीच कमी झाली. मूळ 'स्टार वॉर्स' सिनेमांत 1997 पासून नवी दृश्यं आणि इफेक्ट घातले गेले. 1977 मध्ये थिएटरमध्ये दिसलेलं रूप आजही अधिकृत ब्लू-रेवर मिळत नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे, त्यांच्यासाठी ती मौल्यवान आहे.

उलट बाजूने 'शोले' बघा. 1975 मध्ये सेन्सॉरमुळे शेवट बदलावा लागला आणि गब्बर पोलिसांच्या ताब्यात गेला. फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी केलेलं रिस्टोरेशन 2025 मध्ये बोलोन्यात दाखवलं गेलं, त्यात मूळ शेवट परत आला. इथे नव्या आवृत्तीने हरवलेली गोष्ट परत दिली.

म्हणून माझा साधा नियम आहे: नवी प्रत घेतली तरी जुनी लगेच भंगारात देऊ नका.

मोबाईलवर फरक दिसेल का?

खरं सांगायचं तर, फार नाही. बहुतेक फोनचा स्क्रीन साधारण 1080 पिक्सेल रुंद असतो. त्यावर 4के फाईल चालवली तरी दिसणार तेवढंच. चांगल्या ओलेड स्क्रीनवर एचडीआरचा फरक मात्र जाणवू शकतो.

फोनवर त्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, तुमच्या अँड्रॉइड फोनला वाइडवाइन एल1 आहे का? एल3 असेल तर बरेच ओटीटी ॲप एचडी देतच नाहीत, मग रीमास्टर काय कामाचा? 'डीआरएम इन्फो' या ॲपमध्ये हे दिसतं. दोन, तुमचा प्लॅन कोणता? नेटफ्लिक्सचा मोबाईल प्लॅन 480पीवरच थांबतो, 4के फक्त सर्वात वरच्या प्लॅनमध्ये मिळतं.

डिस्क की स्ट्रीमिंग?

4के ब्लू-रे डिस्क सेकंदाला 128 मेगाबिटपर्यंत माहिती देऊ शकते. स्ट्रीमिंगवर 4के असलं तरी त्यापेक्षा खूपच कमी मिळते. धुकं, धूर, पाऊस आणि ग्रेन असलेल्या दृश्यांत हे लगेच कळतं, कारण कमी डेटात नेमके हेच बारकावे चिखलासारखे होतात. शिवाय ॲपवर 'विकत' घेतलेला सिनेमा हा खरं तर बघण्याचा परवाना असतो. डिस्क कपाटात राहते.

पण डिस्कचा खर्च नीट मोजा. भारतात अनेक क्लासिक सिनेमांच्या 4के डिस्क आयात कराव्या लागतात. प्लेअर वेगळा लागतो. डिस्क ड्राइव्ह असलेला पीएस5 किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स चालतो. पीएस4 प्रोवर 4के डिस्क चालत नाही. साध्या ब्लू-रेला रीजन कोड असतो आणि भारत रीजन 'सी'मध्ये येतो, त्यामुळे अमेरिकेची रीजन 'ए' डिस्क इथल्या प्लेअरवर अडू शकते. 4के डिस्कला रीजनची भानगड नाही.

घेण्याआधी हे तपासा

1. स्कॅन कशावरून केलाय? मूळ निगेटिव्ह असेल तर उत्तम.
2. सिनेमा मुळात कशावर चित्रित झाला? 35 किंवा 70 मिमी फिल्म, की सुरुवातीचा डिजिटल कॅमेरा?
3. चित्राचा आकार मूळचा आहे का? 'पथेर पांचाली'सारखा जुना सिनेमा जवळपास चौकोनी असतो, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणं बरोबर आहे. स्क्रीन भरण्यासाठी डोकी-पाय कापलेली आवृत्ती घेऊ नका.
4. मूळ आवाजाचा ट्रॅक दिलाय, की फक्त नवं सराउंड मिक्स?
5. दिग्दर्शक किंवा छायाचित्रकार या कामात सहभागी होते का?
6. रिव्ह्यूमध्ये जुन्या-नव्या आवृत्तीचे शेजारी-शेजारी फोटो आहेत का? चेहऱ्याची त्वचा बघा, उत्तर तिथेच मिळतं.

मग शेवटी काय करायचं?

- फक्त मोबाईलवर बघत असाल: 4केसाठी वेगळे पैसे देऊ नका. ओटीटीवर रिस्टोअर केलेली एचडी प्रत असेल तर तीच बघा.
- 32 ते 43 इंची टीव्ही आणि घरात डीव्हीडी: चांगल्या स्कॅनवरची साधी ब्लू-रे पुरेशी आहे.
- 55 इंच किंवा मोठा, चांगला एचडीआर टीव्ही: फक्त जिवाभावाचे, फिल्मवर चित्रित झालेले सिनेमे 4केमध्ये घ्या.
- चांगली ब्लू-रे आधीच आहे: एचडीआर किंवा नवा निगेटिव्ह स्कॅन नसेल तर थांबा.

वर्षाला असा एकच सिनेमा घ्यायचा ठरवलात तर मी म्हणेन, रिस्टोरेशन झाल्याशिवाय जो नीट बघताच आला नसता तो घ्या. विक्री दिसली तरच पुढच्या सिनेमाच्या दुरुस्तीला कुणी पैसे लावतं, आणि कुठल्यातरी गोदामात पडलेली निगेटिव्ह तोपर्यंत खराब होतच असते.