दायमाबादची धातुशिल्पे : कालनिश्चितीचा प्रश्न

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील युटा राज्याच्या निर्जन वाळवंटात, रानमेंढ्यांची गणना करणाऱ्या शासकीय पथकाला सुमारे तीन मीटर उंचीचा एक धातुस्तंभ आढळला. त्याचा कर्ता कोण, हे ठाऊक नव्हते. तरीही उपग्रहचित्रांच्या आधारे तो २०१६ च्या सुमारास उभारला गेला असावा, असे अल्पावधीतच ठरविता आले. महाराष्ट्रात मात्र याहून कितीतरी मोलाची चार धातुशिल्पे १९७४ मध्ये सापडली आणि त्यांच्या काळाविषयी विद्वानांत एकमत झालेले नाही. प्रस्तुत निबंधात या मतभेदाचा विचार केला आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद हे स्थळ आहे. १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांनी त्याचा शोध लावला व त्यानंतर तेथे म. न. देशपांडे यांनी उत्खनन केले. शिल्पे मात्र उत्खननात मिळाली नाहीत. झाडाचा बुंधा खणून काढताना ती स्थानिक भिल्ल रहिवाशांच्या हाती लागली. दोन बैलांचा रथ व त्यात उभा असलेला सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा असा हा संच आहे. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर असून त्याच्या दांडीवर एक कुत्राही उभा आहे. गेंडा व रेडा यांना भरीव चाके आहेत. हत्तीची चाके नष्ट झाली आहेत. चारही शिल्पे भरीव ओतीव असून त्यांचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक भरते. ताम्रपाषाणयुगीन खेड्यात एवढा धातू एका ठिकाणी असणे, हीच मुळात विस्मयकारक बाब होय.

देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी परिस्थितिजन्य पुराव्यावरून ही शिल्पे उत्तर हडप्पा काळातील मानली. साळी यांच्या १९७५-७६ ते १९७८-७९ मधील उत्खननात सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा व जोर्वे असा संस्कृतिक्रम स्पष्ट झाला. सिंधू लिपीतील चिन्हे असलेल्या मुद्रा मिळाल्याने हडप्पा संस्कृतीशी असलेला संबंधही निर्विवाद ठरला. याउलट डी. पी. अगरवाल यांनी धातूच्या रासायनिक विश्लेषणाकडे लक्ष वेधले. शिल्पांत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक असून अन्य ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही. सबब ती ऐतिहासिक काळातील असू शकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा आक्षेप सहज बाजूला सारता येणार नाही. परंतु तो निर्णायकही नाही, कारण सिंधू खोऱ्यातील काही ताम्रवस्तूंतही आर्सेनिक आढळले आहे. रासायनिक घटक धातूच्या उगमाकडे निर्देश करतात, ओतकामाचे वर्ष सांगत नाहीत. धातूची थेट कार्बन-१४ कालगणना करता येत नसल्याने पुरातत्त्वज्ञाला ज्या थरात वस्तू मिळाली त्या थरावर, त्यातील कोळशावर आणि खापरांवर विसंबावे लागते. नेमका हाच दुवा येथे कच्चा आहे. अभ्यासक पोहोचण्यापूर्वीच शिल्पे जमिनीबाहेर आली होती. नंतरच्या तपासणीतून त्या जागेचे थर कळाले, पण शिल्पे त्याच थराची की पुढे कोणी खड्डा खणून तेथे पुरलेली, याचे उत्तर त्यातून निःसंशय मिळत नाही.

शिल्पे दिल्ली व मुंबई येथील संग्रहालयांत पोहोचली. पाठ्यपुस्तकांत त्यांची छायाचित्रे बहुधा ‘उत्तर हडप्पा’ या नोंदीसह येतात. त्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह क्वचितच असते.