उजेड कोठून पाडायचा?

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिलेले असते. पहिल्या रांगेतील मुलांचे चेहरे पांढरेफटक, तिसऱ्या रांगेतील मुले काळोखात, आणि सगळे चेहरे जणू कागदातून कापून चिकटवलेले. फोटो काढणाऱ्याला नावे ठेवून आपण मोकळे होतो. पण दोष बहुतेक वेळा असतो तो फ्लॅशच्या जागेचा. कॅमेऱ्यावरच बसवलेल्या लहानशा दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. दोन मीटरवरच्या मुलाला जेवढा प्रकाश मिळतो, त्याच्या चौथा हिस्साच चार मीटरवरच्या मुलाला मिळतो. शिवाय प्रकाश समोरून सरळ आल्याने नाकाची, गालांची सावली पडत नाही आणि चेहरा सपाट दिसतो.

उपाय सोपा वाटतो : फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर न्यावा. लग्नात छायाचित्रकाराचा मदतनीस हात उंच करून बाजूला उभा असतो, तो याचसाठी. पण फ्लॅश दूर नेला की तीन प्रश्न उभे राहतात. प्रकाश किती हवा? तो किती वेळ टिकायला हवा? आणि कॅमेऱ्याची झडप उघडेल त्याच क्षणी तो पडेल याची खात्री कशी करायची? उपकरणांची निवड या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. ही उत्तरे शोधण्याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे आणि तो सरळ रेषेत पुढे गेलेला नाही.

सुरुवात विजेपासून झाली. १८५१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी 'टाइम्स' वृत्तपत्राचा एक तुकडा फिरत्या चाकावर चिकटवला. खोलीत अंधार केला, कॅमेऱ्याचे भिंग उघडे ठेवले आणि लेडन बरण्यांत साठवलेल्या विजेची ठिणगी पाडली. चाक वेगाने फिरत असूनही छायाचित्रात अक्षरे वाचता आली. ठिणगी इतकी क्षणिक होती की तेवढ्या वेळात चाक जवळजवळ हललेच नव्हते. 'किती वेळ' या प्रश्नाचे उत्तर मिळाले, पण 'किती प्रकाश' हा प्रश्न तसाच राहिला. ठिणगीचा प्रकाश हातभर अंतरावरच्या कागदाला पुरला, खोलीभर पुरला नसता.

खोली उजळण्याचे काम रसायनशास्त्राने केले. मॅग्नेशियमची तार जाळून १८६४ च्या सुमारास गुहांमध्ये छायाचित्रे काढली जाऊ लागली. पण तार सावकाश जळे. १८८७ साली जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळून एक पूड तयार केली. क्लोरेटमधून ऑक्सिजन जागेवरच मिळत असल्याने ती एका झटक्यात पेटे. प्रकाश भरपूर, काळ थोडा. मात्र हे मिश्रण म्हणजे एक प्रकारची दारूच होती, हे विसरता येत नव्हते.

त्याच वर्षी ही बातमी न्यूयॉर्कमधील एका पोलीस-वार्ताहराच्या वाचनात आली. जेकब रीस हे मूळचे डेन्मार्कचे, १८७० साली अमेरिकेत आलेले. स्थलांतरित मजूर कोंदट चाळींत, खिडकी नसलेल्या खोल्यांत दहादहा जणांनी कसे राहतात हे ते रोज पाहत आणि लिहीत. पण लिहिलेले कोणाला खरे वाटत नव्हते, आणि त्या अंधारात छायाचित्र काढणे अशक्य होते. नव्या पुडीने ते शक्य केले.

आरंभी रीस ही पूड पिस्तुलासारख्या साधनातून उडवीत. मध्यरात्री अनोळखी माणसे दारात, त्यांच्या हातात पिस्तूल! लोक घाबरून खिडकीतून पळू लागले. मग रीस यांनी पिस्तूल टाकून दिले आणि पूड साध्या तव्यावर पेटवायला सुरुवात केली. उपकरणाची निवड ही समोरच्या माणसाला ते कसे दिसते यावरही अवलंबून असते, हे त्यांना असे कळले.

धोका मात्र संपला नाही. एका माळ्यावरच्या खोलीत पाच आंधळ्या स्त्री-पुरुषांचे छायाचित्र घेताना भिंतीवरच्या चिंध्या आणि कागद पेटले. झगमगाटाने दिपलेले डोळे निवळल्यावर रीस यांना आग दिसली. बाकीच्या पाच जणांना ती दिसणे शक्यच नव्हते. खाली जायला एक मोडका, वाकडातिकडा जिना आणि आसपास अशीच भरलेली बिऱ्हाडे. रीस यांनी एकट्याने ती आग कशीबशी विझवली. ही हकिगत त्यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या 'हाउ द अदर हाफ लिव्ह्ज' या पुस्तकात स्वतःच नोंदवली आहे.

या छायाचित्रांचा परिणाम झाला. पोलीस ठाण्यांतील गलिच्छ निवारे १८९६ साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत बंद झाले. मलबेरी बेंड ही कुप्रसिद्ध वस्ती पाडून तेथे १८९७ साली बाग झाली. १९०१ साली न्यूयॉर्क राज्याने चाळींच्या बांधणीसाठी नवा कायदा केला. त्याच वेळी हेही खरे, की झोपेतून दचकून उठलेल्या त्या माणसांना कोणी परवानगी विचारली नव्हती. दोन्ही गोष्टी आपण विद्यार्थ्यांना सांगायला हव्यात.

पुडीतली आग बाटलीबंद करण्याचे काम १९२९-३० च्या सुमारास जर्मनीत झाले. काचेच्या बल्बमध्ये ऑक्सिजन आणि ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख भरला आणि विजेच्या तारेने तो पेटवला. धूर नाही, भडका नाही. शिवाय पेटवायला वीज लागत असल्याने लांब तारा जोडून बल्ब कोठेही ठेवता येऊ लागला. फ्लॅश कॅमेऱ्यापासून खऱ्या अर्थाने सुटला तो येथे. एक अडचण होती. वर्ख पेटून पूर्ण तेजाला पोहोचायला सुमारे एक पन्नासांश सेकंद लागे. म्हणून झडप तेवढी उशिरा उघडेल अशी योजना कॅमेऱ्यांत करावी लागली.

तिकडे टॅल्बट यांची ठिणगीही परत आली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हॅरल्ड एजर्टन यांनी १९३१ साली वायूने भरलेल्या नळीतून धारित्रातील (कपॅसिटरमधील) वीज सोडून वारंवार चमकणारा दिवा तयार केला. बल्ब एकदा वापरला की फेकायचा, ही नळी मात्र हजारो वेळा चालते. आजचे फ्लॅश याच कुळातले. मग बल्ब लगेच अडगळीत जायला हवा होता. तसे झाले नाही, आणि का झाले नाही हे समजून घेण्यासारखे आहे.

ओ. विन्स्टन लिंक हे शिक्षणाने स्थापत्य अभियंता आणि व्यवसायाने छायाचित्रकार. अमेरिकेतील नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेवर वाफेच्या इंजिनांचे शेवटचे दिवस आले होते. १९५५ पासून त्यांनी या गाड्यांची रात्रीची छायाचित्रे काढली. दिवसा सूर्य हवा तेथे नसतो आणि रूळ हलवता येत नाहीत, रात्री मात्र सगळा उजेड आपल्या हातात, असा त्यांचा विचार होता. एजर्टनचा दिवा तेव्हा वीस वर्षांहून जुना झालेला होता. तरी लिंक यांनी बल्बच निवडले.

कारण एका लहान गणितातून कळते. धारित्रात साठणारी ऊर्जा म्हणजे धारकता गुणिले विद्युतदाबाचा वर्ग, भागिले दोन. १००० मायक्रोफॅरडचे धारित्र ३०० व्होल्टला भरले तर ४५ ज्यूल मिळतात. हातात धरायच्या फ्लॅशची मजल साधारण एवढी. आता ॲल्युमिनियम पाहू. एक ग्रॅम जळताना सुमारे ३१,००० ज्यूल बाहेर पडतात. म्हणजे नुसत्या ५० मिलिग्रॅम वर्खात सुमारे १५५० ज्यूल! यातला मोठा भाग उष्णतेत जातो हे धरले तरी फरक मोठाच राहतो. जेथे विजेची सोय नाही अशा रानात संपूर्ण आगगाडी उजळायची, तर ऊर्जा धातूत भरून नेणे सोयीचे होते.

गाडी जवळून दूर पसरलेली असते. कॅमेऱ्याजवळ एकच प्रचंड दिवा ठेवला, तर दहा मीटरवरच्या इंजिनाला जेवढा प्रकाश मिळेल त्याच्या सोळावा हिस्साच चाळीस मीटरवरच्या डब्याला मिळेल. आपल्या स्नेहसंमेलनाचीच ही मोठी आवृत्ती. म्हणून लिंक यांनी अनेक दिवे रुळांच्या बाजूने पसरून ठेवले. पश्चिम व्हर्जिनियातील आयेगर येथे २ ऑगस्ट १९५६ रोजी काढलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात उघड्यावरच्या सिनेमागृहामागून गाडी जाते आहे. त्यासाठी ४३ बल्ब एकदम पेटवले होते.

त्यांनी बल्ब एकसर जोडणीत (सीरिजमध्ये) जोडले, ही गोष्ट विज्ञानशिक्षकांना विशेष रुचेल. घरातले दिवे आपण समांतर जोडतो, म्हणजे एक गेला तरी बाकीचे चालतात. लिंक यांना नेमके उलटे हवे होते. एखादी तार सुटली असेल तर एकही बल्ब पेटू नये. अर्धवट उजळलेली गाडी आणि जळून वाया गेलेले डझनावारी बल्ब, यापेक्षा काहीच न होणे बरे.

तरीही सगळे साधले नाही. इतक्या प्रकाशात सिनेमाच्या पडद्यावरचे चित्र पुसून गेले. लिंक यांनी पडद्याचे चित्र वेगळ्या निगेटिव्हवरून घेऊन अंधारखोलीत ते जोडले. एका दृश्यातील दोन प्रकाशांत फार तफावत असेल, तर उत्तम उपकरणही हतबल होते. १९६० साली त्या रेल्वेवरची वाफेची इंजिने थांबली, तोवर लिंक यांच्याकडे सुमारे २४०० निगेटिव्ह जमल्या होत्या. काही वर्षे उशीर झाला असता तर उजळायला गाडीच उरली नसती.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. अंधाऱ्या खोलीत टेबलावर तीन चेंडू एकामागे एक ठेवा. मोबाइलच्या कॅमेऱ्याजवळ विजेरी धरून एक छायाचित्र घ्या, मग तीच विजेरी बाजूला, उंच धरून दुसरे. दोन्हींतील फरक मुलांनाच सांगू द्या. जुना फ्लॅश मात्र कधीही उघडू नका. सेल काढल्यानंतरही त्यातील धारित्र शेकडो व्होल्टला भरलेले राहू शकते आणि त्याचा धक्का जीवघेणा ठरू शकतो.

शाळेसाठी उपकरण घेताना दुकानदार आपल्याला सर्वांत नवे ते दाखवील. आपण आधी आपले प्रश्न घेऊन जावे : केवढी जागा उजळायची आहे, समोरचे किती वेगाने हलणार आहे, दिवा कोठे ठेवता येईल, आणि तो ज्यांच्यावर पडणार त्यांना त्याचा त्रास तर होणार नाही ना. पुढच्या संमेलनात एका मोठ्या विद्यार्थ्याच्या हाती फ्लॅश देऊन त्याला बाजूला स्टुलावर उभे केले, तरी तिसऱ्या रांगेतली मुले आपल्या आईवडिलांना फोटोत सापडतील.