आजीने न खाल्लेला पाव

मागच्या डिसेंबरात कार्यालयाच्या प्रशिक्षणासाठी आठवडाभर हैदराबादला होतो. शेवटच्या संध्याकाळी काचीगुड्याला राहणारी माझी मावसबहीण, तिचे यजमान आणि मुलगा मला मदिना चौकाजवळच्या एका जुन्या हॉटेलात जेवायला घेऊन गेले. तिथून चारमिनार चालत दहा मिनिटांवर. भाचा नुकताच फिलिपिन्समधल्या दावाओ शहरातून डॉक्टर होऊन परतला आहे. तेलंगणातली बरीच मुले वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे जातात, हे मला त्याच्यामुळेच कळले.

बिर्याणीबरोबर मिर्ची का सालन आले. लांब हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, तीळ, खोबरे, चिंच. वाढपी पुन्हा वाढायला आला तेव्हा भाओजी त्याला म्हणाले, "नक्को." हा शब्द दखनीने मराठीकडून घेतला आणि इतका आपला करून टाकला, की आज तो हैदराबादची ओळख झाला आहे. बघता बघता ताटातल्या जिनसांचेही तसेच झालेले दिसू लागले. मिरची आणि भुईमूग दोन्ही मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी १५१० साली आदिलशहाकडून गोवा घेतला, आणि पुढे त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. मिरचीवाचून हैदराबादी जेवण आज कोणाला कल्पिता तरी येईल का?

शेवटी डबल का मीठा आला. तुपात तळलेले तुकडे, केशर-वेलचीचा पाक, आटवलेले दूध, वर काजू-बदाम. एक घास घेतला आणि विचारले, हे कशाचे? भाचा म्हणाला, "मामा, ही डबल रोटी. म्हणजे तुमचा पाव. आमच्याकडे लग्नात हा असतोच."

पाव, आणि तोही लग्नाच्या पंगतीत! मला माझी आजी आठवली.

आमचे घर अंत्रूज महालातले, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यातले. पूर्वज साष्टीतून पळून आलेले, असे घरात सांगत. आजीने आयुष्यात पाव खाल्ला नाही. सकाळी पोदेर सायकलचा भोंपू वाजवत दारावरून जाई, शेजारी उंडे घेत, पण आमच्या स्वयंपाकघरात पावाला मज्जाव होता. वडिलांनी लहानपणी एकदा बाजारात पाव खाल्ला, तेव्हा त्यांना आंघोळ केल्यावाचून घरात घेतले नव्हते. कारण एकच. पाद्र्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यायले म्हणून सारा गाव बाटला, ही गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट. ती शब्दशः घडली की नाही हा वाद बाजूला ठेवू. पण १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसले आणि ते कायमचे उठायला १८१२ उजाडावे लागले. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. देवांनाच घर सोडावे लागले, तिथे माणसांची काय कथा? त्या साऱ्या भयाला लोकांनी पावाचे रूप दिले.

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. दोन पुस्तके वाचून शहाणा झालेला मी एकदा आजीशी भांडलो. म्हटले, "तुझ्या हुमणातली मिरची पाखल्यांनीच आणली. बटाटाही त्यांचाच, परसातला काजूही त्यांचाच. ते सगळे चालते, मग पावानेच काय केले?" आजी नारळ खोवत होती. मान वर न करता म्हणाली, "मिरसांग कोणेंच आमच्या बांयंत उडोवंक ना." मिरची कोणी आमच्या विहिरीत टाकली नव्हती! मी हसलो. अडाणी बाई, दुसरे काय म्हणणार, असे मनात आले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

हे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "मामा, तिकडेही असेच काहीतरी आहे." मनिलाच्या इंट्रामुरोस या तटबंदीच्या जुन्या शहरात तो मित्रांबरोबर स्पॅनिश काळातले पदार्थ नव्या रीतीने करून वाढणाऱ्या हॉटेलात जेवला होता. स्पेनने १५७१ साली मनिला आपली राजधानी केली आणि १८९८ पर्यंत राज्य केले. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून तिथे गलबते येत. कोको, मका आणि मिरची अशीच पोचली. पण त्यांचा सर्वांत लाडका पदार्थ अडोबो. मांस शिर्का, लसूण आणि मिरी घालून शिजवायची रीत तिथल्या लोकांची आधीचीच. स्पॅनिशांनी तिला फक्त आपले नाव दिले. आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या विंदालूचे उलटे झाले. नाव आणि रीत पोर्तुगीज, पण द्राक्षाच्या मद्याऐवजी त्यात माडाचा शिर्का पडला. तिकडे नाताळच्या आधी पहाटेच्या प्रार्थनेला गेले की चर्चबाहेर बिबिंका मिळते, तांदळाची, नारळाच्या रसातली, खाली-वर निखारे ठेवून भाजलेली. आमची बेबिंकाही वरून निखारे ठेवूनच थर थर भाजतात. नाव कोणी कोणाकडून घेतले यावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण दोन समुद्रांपलीकडची ही बहीण ऐकून मला आनंद झाला.

मग हैदराबादचा पाव इतका निर्धास्त कसा? निजामाने १७९८ साली इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, १८०६ साली सिकंदराबादची छावणी वसली. फौज आली की तिच्यामागे भट्टी येतेच. शहरात नान भाजणारे हात आधीपासून होते, पुढे इराणी हॉटेले आली. इथे पाव बाजारातून आला, पैसे मोजून आला. त्याच्यासाठी कोणाला देव उचलून रात्री नदी ओलांडावी लागली नाही. म्हणून हैदराबादच्या स्वयंपाक्याने त्याला तुपात तळला, केशरात बुडवला आणि लग्नाच्या ताटात बसवला. गोव्यात मिरचीही अशीच आली होती, शेतातून आणि बाजारातून. म्हणून आजीने तिला घरात घेतले. पदार्थ कुठून आला हे जीभ विसरते. तो कसा आला, हे मात्र घर विसरत नाही.

आजीचा निवाडा इतिहासाचाच होता. तो माझ्या पुस्तकांत नव्हता, एवढेच.

वाटी मी रिकामी केली. गोव्यात परतल्यावर दुसऱ्या दिवशी पोदेराचा भोंपू वाजला तसे चार उंडे घेतले. तोही बिचारा पहाटे दोनला भट्टी पेटवतो. चारशे वर्षांपूर्वीच्या विहिरीशी त्याचा काय संबंध? आता आमच्या घरी पाव रोज येतो. फक्त आजीच्या श्राद्धाच्या दिवशी आई तो आणू देत नाही. पूर्वी मी यावरून वाद घालत असे. या वर्षी घातला नाही. आदल्या संध्याकाळीच पोदेराला सांगून ठेवले, उद्या नको.