सुपे, करडे आणि सावकाराची वही

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या इतिहासात १८७५ चे दख्खनचे दंगे बहुधा सारावाढ, अमेरिकेतील यादवी संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव आणि सावकारांविषयीचा रोष या कारणांनी सांगितले जातात; परंतु जमावाने जागोजागी नेमके काय मागितले हे पाहिले, तर तंटा पैशाइतकाच हिशेबाचाही होता असे दिसते.

कर्जरोखा, म्हणजे कर्ज फेडण्याची लेखी कबुली, कुळाने नांगराची निशाणी करून द्यायचा. तो सावकाराच्या पेटीत राही, फेडीची नोंद सावकाराच्याच वहीत होई आणि पावती सहसा मिळत नसे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने अशा रोख्यावरचा दावा साधारणतः ३ वर्षांत करावा असे ठरवले खरे, पण त्यामुळे दर ३ वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याचा प्रघात पडला. व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेऊ नये ही दामदुपटीची जुनी रूढीही त्यापुढे लुळी पडली, कारण कालचे व्याजच आजचे मुद्दल ठरत होते आणि न्यायालय हातातल्या रोख्यामागे जाऊन पाहत नव्हते.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावात एका सावकाराने देशमुखांच्या घरावर हुकूमनामा बजावला, तेव्हा गावाने त्याच्यावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजाराच्या दिवशी या रोषाने वेगळेच वळण घेतले. सुपे आज बारामती तालुक्यात असले, तरी तेव्हा ते भीमथडीत, म्हणजे ज्या जुन्या तालुक्यातून आजचा दौंड घडला त्यात, मोडत होते. जमावाने दुकाने लुटली, पण मागणी होती ती जाळून टाकण्यासाठी वह्यांची आणि रोख्यांची. कागद निमूटपणे हवाली केले तेथे पुढचा दंगा बहुधा टळला. हे दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले आणि ९५१ माणसांना अटक झाली. सरकारी चौकशी आयोगालाही कागद जाळण्यामागचा हेतू ओळखावा लागला.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने उपाय केला तो या कागदांवरच. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकापुढे, म्हणजे दस्त लिहून नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, व्हावा, त्यात मोबदला पूर्ण नमूद असावा आणि मागचे रोखे तेथे हजर करावेत, असा नियम झाला. कुळाला पावती, वार्षिक हिशेब आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क मिळाला. मुख्य म्हणजे न्यायाधीशाने व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब काढावा, असे बंधन आले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनीही पुढे या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले.

सावकारी थोडीच गप्प बसणार होती? रोख्याची छाननी होते म्हटल्यावर जमिनीचे सरळ खरेदीखत करून घ्यायचे आणि पैसे फिटल्यावर जमीन परत देण्याचा करार तोंडीच ठेवायचा, ही वाट निघाली. तेव्हा खरेदीखताआड गहाण दडले आहे काय, हे न्यायालयांनी तपासावे म्हणून कायद्यात भर घालावी लागली. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्येही सावकारीच्या ओघात बळकावलेल्या जमिनीचे व्यवहार जिल्हा निबंधकाला, १५ वर्षांच्या मर्यादेत, पुन्हा उघडून पाहता येतात.