पांढरी, काळी आणि निळी रेषा

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं, तेव्हा भिंत पडली नाही. ती पडली पाणी ओसरल्यावर, चौथ्या दिवशी. आजीनं आधीच सांगितलं होतं, "पाण्यात घर पडत न्हाई रं, पाणी गेल्यावर पडतंय." मातीची भिंत पाणी पिऊन जड होते, तळाला मऊ पडते. दोन्ही बाजूंनी पाण्याचा आधार असतो, तोवर कशीबशी उभी राहते.

गावाचा एक भाग मात्र कोरडा होता. देऊळ, चावडी आणि जुन्या वाड्यांचं टेकाड. म्हातारी माणसं त्याला अजून 'पांढरी' म्हणतात. मराठेशाहीच्या कागदपत्रांतही गाव असंच येतं: पांढरी म्हणजे वस्ती, काळी म्हणजे शेतं. पिढ्यानपिढ्या मातीची घरं पडत गेली, त्याच ढिगावर नवी उभी राहिली आणि जागा उंच होत गेली. पडलेल्या घरांनीच पुढच्या घरांना उंची दिली.

'पूर्वजांना सगळं कळत होतं' असं म्हणायचा मोह इथं होतो. पण ती उंची सगळ्यांची नव्हती. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांच्या वाट्याला पांढरी आलीच नाही. आमच्या गावात त्यांची आळी ओढ्याकाठी आहे. पाणी पहिल्यांदा तिथंच शिरतं.

आमचं घर खाली आलं ते वाटण्यांमुळे. पांढरीवर जागा उरली नाही, म्हणून आजोबांनी मळीच्या रानात घर बांधलं.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९मध्ये ५७च्या वर. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. २०२१मध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या पुढे होतं.

सरकारी नकाशावर नदीकाठी निळी रेषा असते: सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. गावात त्याचा अर्थ असा लावतात, की एकदा पूर येऊन गेला की २५ वर्षं निवांत. पण नदी वर्षं मोजत नाही. त्या रेषेवरच्या घरात पाणी शिरायची शक्यता दरवर्षी ४ टक्के असते. घर ३० वर्षं टिकलं, तर तेवढ्या काळात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता ७० टक्के. हा हिशेब मी दोन ओळींच्या कोडमध्ये केला, आणि मग वडिलांना फोन केला. तोवर त्याच जागेवर नव्या घराचा स्लॅब पडला होता.

सिमेंटचं घर पुरात पडत नाही, पण त्यानं जमीनही उंच होत नाही. आता उंच जागा आपोआप तयार होणार नाही, ती ठरवून द्यावी लागेल. गावात सध्या गायरानातल्या उंचवट्यावर प्लॉट पाडायची चर्चा आहे. यादीत पहिलं नाव आमचं असावं, असं वडिलांना वाटतं. मला वाटतं, ओढ्याकाठच्या आळीचं असावं. यावरून घरात अजून वाद चालू आहे.