परळचे गव्हर्नमेंट हाउस : चर्चचे घर कसे झाले?

खालापूर तालुक्यातील खोपोलीहून वर चढणारा बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, तेव्हा सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर होते. घाटाचा हा रस्ता अनेकांना ठाऊक असतो. पण त्या काळच्या गव्हर्नरांचे परळ येथील सरकारी निवासस्थान मुळात घर म्हणून बांधलेलेच नव्हते, हे फारसे सांगितले जात नाही. ती वास्तू होती जेझुइट पाद्र्यांची : मठ आणि त्याला जोडलेले चर्च.

जुनी वास्तू राहण्याजोगी करायची म्हटली, की ती आधी ओस पडली असावी, असे आपण गृहीत धरतो. परळची वास्तू ओस पडली नव्हती. ती रिकामी करवली गेली. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, तरी पोर्तुगीज पाद्र्यांचा बेटावरील प्रभाव कायम होता आणि कंपनीला तो खुपत होता. अखेर १७२० च्या सुमारास या पाद्र्यांना मुंबईबाहेर घालवण्यात आले, चर्चचा कारभार कार्मेलाइट पंथाकडे सोपवला गेला आणि परळची मालमत्ता कंपनीने ताब्यात घेतली.

मग वास्तूचे रूप पालटले. जेथे प्रार्थना होत असे, तेथे खाली मेजवानीचे दालन आणि वर नृत्यगृह आले! किल्ल्यातील गर्दीपासून दूरचे विश्रांतिस्थान म्हणून गव्हर्नर प्रथम येथे येत; १७७१ मध्ये सत्तेवर आलेल्या विल्यम हॉर्नबी यांनी येथेच कायमचा मुक्काम केला. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स याच घरी उतरले होते.

तोवर भोवतालचे परळ बदलू लागले होते. वाड्या-बागांच्या जागी गिरण्यांची धुराडी उभी राहत होती. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने दगावल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार पॉइंटला गेले. पाद्र्यांना घालवायला सत्ता लागली होती. गव्हर्नरांना घालवायला रोगराई पुरली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. या रिकाम्या घरात आधी प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ उघडले, आणि १८९९ मध्ये वाल्देमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा येथे आली. १९२५ मध्ये संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले. ती आजही परळला, त्याच वास्तूत आहे.