झिरोचा बल्ब

झोपताना दिवा विझवा, नाहीतर उंदीर वात ओढून नेतो आणि घर पेटतं, अशी ताकीद सहीह बुखारीतल्या हदीसमध्ये आहे. तान्हं मूल असलेल्या घरात ती पाळणं अवघड. अम्मी सांगते, कुपवाडच्या आमच्या घरी रात्रभर कंदील बारीक करून ठेवत. मग वीज आली आणि कंदिलाच्या जागी लाल झिरो लागला.

हा झिरो शून्य कधीच नव्हता. साधारण 15 वॅट खायचा! जुन्या चकतीच्या मीटरवर एवढासा भार नीट उमटत नसे, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. रोज दहा तास धरले तर महिन्याला साडेचार युनिट. अर्ध्या वॅटचा एलईडी तेवढ्यात तीस महिने जळतो.

निळ्या एलईडीच्या शोधाला 2014 चं नोबेल मिळालं, पांढरा एलईडीही त्यातूनच आला. पण झोप आणणारं मेलाटोनिन निळ्या प्रकाशानेच जास्त रोखलं जातं, आणि दुकानदार मुलांच्या खोलीसाठी नेमका निळाच दिवा काढून देतो. बिलाचं सोडलं तर आमचा लाल झिरो बरोबर होता.

आता अर्ध्या वॅटचा लालसर दिवा जमिनीलगत लावलाय. सहरीला उठताना ठेच लागत नाही, धाकटीही जागी होत नाही.